मागं राहिलेल्याचा तांब्या

॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

अहमदपूर, जि. लातूर (नीट वाच, लातूर!)
दि. २० फेब्रुवारी १९८६

ती. सौ. अक्कास,
मन्मथचा सा. शरणार्थ वि. वि.

तुझं पत्र अकराव्या दिवशी मिळालं. पाकिटावर तू पुन्हा ‘जि. उस्मानाबाद’ लिहिलंस, म्हणून ते आधी उस्मानाबाद हिंडून आलं. आमचे पोस्टमास्तर आता मला ‘उस्मानाबादचे पाहुणे’ म्हणतात. नवा जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू आहे, अक्का. देगलूरला सासरी गेलीस तेव्हा आपण उस्मानाबादचे होतो हे खरं, पण आता तेवढं लातूर लिहायला शीक.

मोठी बातमी अशी, की आम्ही बारा जण सायकलवरून निघतोय. अहमदपूर, नांदेड, बिलोली, देगलूर, उदगीर, लातूर, किल्लारी आणि परत. नऊ दिवस. वाटेतल्या बाजारांत थांबून मदत गोळा करायची आणि त्यातून एका गावाला बोअर पाडून हापसा बसवून द्यायचा. कोणत्या गावाला, ते अजून ठरलेलं नाही. वाटेत गावोगाव विचारून तक्ता भरायचा: गावाचं नाव, वस्ती किती, हापसा चालू की बंद. परत आल्यावर बंदवाल्यांतून समिती एक गाव निवडणार. तक्ता माझ्याकडे दिलाय, कारण माझं अक्षर बरं आहे. पायांबद्दल कुणी काही बोललेलं नाही.

अध्यक्ष कोण विचारशील, तर आपल्या गल्लीतले शेषेराव काका. नवा जिल्हा झाला तेव्हा गल्लीभर पेढे वाटणारे तेच. साठीला आले तरी स्वतः सायकलवर येणार आहेत. मागून मदतीला लालमहंमदची मॅटाडोर; तिच्यात पाण्याची दोन पिंपं, पंक्चरचं सामान, आणि जो थकेल त्याला बसायला जागा. काकांनी गाडीवर फलक रंगवून घेतलाय. त्यात ‘लातूर जिल्हा’ हातभर अक्षरांत आणि ‘पाण्यासाठी’ बोटभर.

तेरा मार्चला देगलूरला तुझ्या दारात उभा राहीन. बारा माणसांच्या धपाट्यांची तयारी ठेव. आईचा आशीर्वाद, तुझी भावजय उमा हिचा नमस्कार. लोभ आहे तो या उन्हाने आटू देऊ नकोस.

तुझा,
मन्मथ


॥ श्री ॥

देगलूर, जि. नांदेड
दि. २८ फेब्रुवारी १९८६

चि. मन्मथास अनेक उत्तम आशीर्वाद.

पाकिटावर लातूर लिहिलं आहे. एकदा खोडून लिहिलं, पण लिहिलं. आता पोस्टमास्तरांना पेढे वाट.

तू सायकलवर किल्लारीपर्यंत जाणार हे वाचून मी हसले आणि मग काळजीत पडले. सायकल शिकताना उतारावर ब्रेक विसरून थेट उकिरड्यात गेला होतास, ते विसरलास का? तुला धुऊन काढताना माझे दोन्ही हात दुखले होते. आता मास्तर झालास, पण ब्रेक तेवढा आठवणीनं दाब. खिशात कांदा ठेव. दुपारी अकरा ते चार झाड सोडू नकोस. शेषेराव काकांशी पैज लावू नकोस, ते हरले तर रुसतील आणि जिंकले तर सांगत सुटतील.

इकडे पाण्याचे हाल विचारू नकोस. चौथ्या दिवशी टँकर येतो, आणि तो आला की लेकरांपेक्षा घागरीच आधी रांगेत लागलेल्या असतात. तरी आम्ही गावातले सुखी म्हणायचे. आंध्राच्या सीमेकडच्या वस्त्यांवर टँकरसुद्धा फिरकत नाही. त्या बाजूला गेलास तर बोलताना जरा सांभाळ. तिकडे निम्मे लोक तेलुगू बोलतात, काही कानडी, आणि उरलेले नुसते ओरडतात.

एक अडचण आहे. मामंजींच्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला आहे आणि तारीख नेमकी त्याच आठवड्यात पडेल असं दिसतं. सासूबाईही येणार म्हणतात. घराला कुलूप दिसलं तर रागावू नकोस. धपाटे शेजारणीकडे करून ठेवीन. आईला सांग, जिवाला जप. तुझ्यावरचा लोभ टँकरच्या पाण्यासारखा मोजून देत नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी,
अक्का


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

अहमदपूर, जि. लातूर
दि. १८ मार्च १९८६

ती. सौ. अक्कास,
सा. शरणार्थ वि. वि.

काल सुखरूप पोचलो. पावणेदोनशे किलोमीटर पायडल मारत बहिणीच्या दारी यायचं आणि पितळी कुलपाला शरणार्थ करून जायचं, हे माझ्या कुंडलीत लिहिलेलं असावं. धपाटे मात्र मिळाले. बारा जणांनी ते संपवले तेव्हा तुझ्या शेजारीणबाईंनी पदर तोंडाला लावला होता, हसू आवरायला की भीतीनं ते कळलं नाही. मामंजींचा डोळा कसा आहे?

अक्का, मी हा मुलूख आजवर एस्टीच्या खिडकीतून पाहिला होता. खिडकीतून तो लवकर सरतो. सायकलवर सरत नाही. लोह्याकडच्या ज्या चढावर आपण बसमध्ये डुलक्या घ्यायचो, तो चढ केवढा आहे हे मला मांड्यांनी सांगितलं. कोसच्या कोस काळी रानं भेगाळून पडली आहेत, आणि त्यांच्यात माणसं आहेत, हे बघून मी थक्क होत होतो. नायगावच्या अलीकडे रोजगार हमीवर खडी फोडणाऱ्या बायका होत्या. पाण्यासाठी फेरी आहे असं कळल्यावर त्यांनी हातोडे खाली ठेवले आणि पदराच्या गाठी सोडल्या. आम्ही नको नको म्हणत राहिलो. त्यांना ते पटलं नाही.

पण सगळ्यांत मोठी गोष्ट तुमच्या बाजूला घडली. बिलोली सोडल्यावर मॅटाडोरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. लालमहंमद मागं राहिला, पाण्याची पिंपंही त्याच्याजवळ राहिली, आणि आम्हाला ते कळलं दहा किलोमीटर पुढं आल्यावर. दुपारचे बारा. शेषेराव काकांचे ओठ पांढरे पडले होते. सडकेपासून आत तुंबरपल्ली नावाची वस्ती दिसली, वीस-पंचवीस घरांची. माणसं कामावर गेलेली. पहिल्याच घराच्या ओसरीत एक म्हातारी बसली होती, मल्लम्मा तिचं नाव. मराठी अगदी जेमतेम. आम्ही ओंजळ करून दाखवली.

तिनं आधी गूळ आणला. नुसतं पाणी कसं द्यायचं, म्हणून एकेकाच्या हातावर खडा ठेवला, मग घागर उचलून ओंजळीत ओतू लागली. आम्ही बारा जण गुरांसारखे प्यालो. काका दोन तांबे प्याले. मी तोंड धुतलं आणि पंचा भिजवून डोक्याला गुंडाळला. एक घागर संपली, तिनं दुसरी आणली. पिता पिताच मला तक्ता आठवला. विचारलं, की अम्मा, पाणी चालू आहे का. ती हसली आणि हात हलवून चालु, चालु म्हणाली. हापसा देवळामागं होता म्हणे, पण उठून बघायला पायांत जीव कुठं होता? मी लिहून टाकलं: तुंबरपल्ली, हापसा चालू.

पुढचं ऐक. निघताना तिनं बोट करून आम्हाला मोजलं आणि खुणेनं विचारलं, की आणखी कुणी आहे का. मी मागं हात केला, गाडी मोडल्याची खूण केली. तिनं पितळेचा एक तांब्या काठोकाठ भरला, वर पळसाचं पान झाकलं आणि माझ्या हातात दिला. मागं राहिलेल्यासाठी! आम्ही सडकेवर येऊन थांबलो. तासाभरानं लालमहंमद पाटा दोरानं बांधून गाडी घेऊन आला, प्याला आणि तांब्याकडे बघत बसला. म्हणाला, की मास्तर, त्या बाईनं आपल्याला पाह्यलंबी न्हाई आन् आपल्या तहानेची याद ठेवली. मला वाटतं, गावात पाणी असलं की माणसाचा हातही मोकळा होतो.

तांब्या गडबडीत गाडीतच राहून गेला. आई म्हणते, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये. तेव्हा गूळ भरून तुझ्याकडे पाठवतो, तू पोचव. एका बोअरपुरतं जमलं आहे. तीस तारखेला, रविवारी, समितीची बैठक. तक्त्यात बंद हापशांची नऊ गावं आहेत, त्यांतलं एक निवडायचं. मशीन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मिळणार, पुढं पाऊस पडेपर्यंत नाही. लोभ असू दे, आणि पुढच्या वेळी किल्लीही.

तुझा,
मन्मथ


॥ श्री ॥

देगलूर
दि. २५ मार्च १९८६

चि. मन्मथास आशीर्वाद.

मामंजींचा डोळा उत्तम. आता त्यांना सगळं स्वच्छ दिसतं आणि घरातल्या प्रत्येकाला ते तू काळवंडलास म्हणून सांगतात.

आता बसून वाच. तुझं पत्र मी सासूबाईंना, पार्वतम्मांना, वाचून दाखवत होते. तुंबरपल्लीशी आले, तुझं ते चालु चालु वाचलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मीही थांबले. मन्मथ, तेलुगूत चालु म्हणजे पुरे.

मी तुला कधी सांगितलं नाही, लाज वाटायची. लग्न होऊन या घरी आले, त्या पहिल्या आठवड्यात पार्वतम्मा भातावर सार वाढताना विचारायच्या, चालु? मला वाटायचं, वाढणं चालू ठेवू का असं विचारतात. मी आनंदानं म्हणायची, चालू! की त्यांची पळी मागं. चार दिवस मी अर्धपोटी उठले. त्यांना वाटलं, सून नाजूक आहे. मला वाटलं, सासर चिक्कू आहे. पाचव्या दिवशी मी रडले तेव्हा उलगडा झाला, आणि त्या दिवशी त्यांनी मला इतकं वाढलं, की हलता येईना. त्या आठवणीनं एरवी आम्ही दोघी हसतो. या वेळी हसू आलं नाही.

काल हे आणि मी जीपनं तुंबरपल्लीला गेलो. आधी देवळामागं जाऊन हापसा मारला. नुसता खडखडाट. दिवाळीपासून बंद आहे तो. पाणी आणतात ते नदीच्या वाळूत झिरे खणून. बायका तांबडं फुटायच्या आत निघतात, वाटीवाटीनं घागर भरतात, ऊन तापेपर्यंत परत येतात. मल्लम्माच्या घरी दिवसाला दोन घागरी येतात. त्या दिवशीच्या दोन्ही तुम्ही संपवल्यात. तांब्यातलं होतं ते शेवटचं.

तिची सून शांतम्मा घरी होती. जीभ चांगली धारदार. तिनं मला तोंडावर सांगितलं, की पाणी प्याले त्याचं दुःख नाही, तहानलेला माणूस पिणारच. पण तुमच्या लोकांनी तोंडं धुतली. त्या संध्याकाळी ती खडी फोडून आली तर घरात घोटभर पाणी नव्हतं. माझी मान खाली गेली, मन्मथ. तो पंचा तुझा होता हे मी सांगितलं नाही.

मग मी मल्लम्माजवळ बसले. विचारलं, की तू त्यांना चालु का म्हणालीस. ती म्हणाली, की त्यानं विचारलं, पाणी पुरतं का. ओंजळ तोंडाशी लावलेल्या माणसाला पुरत नाही असं कसं सांगायचं? घोट घशातच अडकला असता त्याचा. एवढंच बोलली आणि मला गूळ आणायला उठली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. तिच्या घरचं पाणी प्यायची माझी हिंमत झाली नाही, आणि न प्यावं तर तिचा अपमान. शेवटी एक घोट घेतला. मी आजवर देवळांतून पुष्कळ तीर्थ घेतलंय, पण थेंब मोजून कधी घेतलं नव्हतं.

तू लिहितोस, पाणी असलं की हात मोकळा होतो. उलट आहे, बाळा. तिथं पाणी नाही.

गूळ पाठवू नकोस. तक्ता दुरुस्त कर, रविवारच्या आत. एका शब्दापायी ते गाव यादीतून गेलंय आणि तो शब्द तू लिहिलास. आशीर्वाद नेहमीचेच आहेत, पण आधी कान उपटला असं समज.

तुझी,
अक्का


देगलूर, दि. २६ मार्च, सकाळ

चि. मन्मथ,

काल तुला मोठं पत्र टाकलं आणि पेटीतून हात बाहेर काढताना आठवलं, की पाकिटावर मी जि. उस्मानाबाद लिहिलंय. घाईत हाताला जुनीच सवय आठवली. पोस्टात धावले, टपाल निघून गेलं होतं. फोन लावायला दोन तास बसले, लाइन लागली नाही. म्हणून ही चिठ्ठी अहमदपूर गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे, ह्यांच्या ओळखीचे आहेत.

थोडक्यात: तुंबरपल्लीचा हापसा दिवाळीपासून बंद. तेलुगूत चालु म्हणजे पुरे. ती म्हातारी पुरे म्हणाली, तू चालू लिहिलंस. तुम्ही प्यालात ते तिच्या घरातलं सगळं पाणी होतं. बाकी पत्रात आहे, ते उस्मानाबाद बघून येईल तेव्हा वाच. रविवारी गप्प बसू नकोस.

अक्का


॥ श्री मन्मथस्वामी प्रसन्न ॥

अहमदपूर, जि. लातूर
दि. ३१ मार्च १९८६

ती. सौ. अक्कास,
सा. शरणार्थ वि. वि.

चिठ्ठी गुरुवारी मिळाली. कंडक्टर शाळेत वर्गाच्या दारापर्यंत आले. मी ती वाचली आणि पोरांना गणितं घालून खिडकीशी उभा राहिलो. मला आठवत होता तो भिजवलेला पंचा. डोक्याला गार लागला म्हणून मी हसलो होतो, अक्का. तुझं मोठं पत्र अजून आलेलं नाही.

काल बैठक झाली. मी आधीच उठून सांगितलं, की तक्त्यात चूक आहे, ती माझी आहे, हापसा न बघता मी चालू लिहिलं. सगळ्यांसमोर ते खोडून बंद लिहिलं. अक्षर पहिल्यांदाच वाईट आलं.

शेषेराव काका म्हणाले, की मास्तर, चूक कबूल केली ते चांगलं केलं, पन गाव नांदेड जिल्ह्यातलं हाय. आपल्याच जिल्ह्यात सहा हापसे बंद पडलेत. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं, तसं व्हईल. नवा जिल्हा हाय, लोक काय म्हनतील? त्यांचं अगदीच चूक होतं असं नाही. त्या सहा गावांतल्या विहिरींचे तळ मीही पाहिलेत.

लालमहंमद दाराशी उभा होता. तो समितीत नाही, चहा घ्यायला आला होता. बाहेर गेला, गाडीतून तांब्या आणला आणि काकांपुढं टेबलावर ठेवला. म्हणाला, की काका, लई उलटापालटा करून पाह्यला म्या. ह्याच्यावर बाईचं नाव कोरलेलं हाय, तेलुगूत, आपल्याला वाचता येत न्हाई. पन जिल्हा काय कुटं लिवलेला दिसंना.

काकांनी तांब्या हातात घेतला, बोटानं ती अक्षरं चाचपली. मग विचारलं, की त्या दिवशी तिथं पानी कोनकोन पिलं, हात वर करा. सगळ्यांत आधी त्यांचा स्वतःचा हात वर गेला. मग एकेक करत बाराही हात. हात खाली घेत काका म्हणाले, की माझी माय कुनाचं भांडं रिकामं धाडत नव्हती. हे बी रिकामं जायाचं न्हाई.

तेव्हा ठरलं, तुंबरपल्ली. उरलेल्या नऊ गावांसाठी पाऊस संपल्यावर पुन्हा निघायचं, आणि तक्ता भरणाऱ्यानं प्रत्येक हापसा स्वतः मारून बघायचा. तक्ता माझ्याकडेच ठेवलाय. मी नको म्हणालो, तर काका म्हणाले की चुकलेला मानूसच आता नीट बघंल.

मशीन शनिवारी, पाच तारखेला पोचेल. माझ्या शाळेत परीक्षा आहेत, मला सुटता येत नाही. काका आणि लालमहंमद येतील, तांब्या घेऊन. तू तिथं जा. पाणी लागलं तर लिही. नाही लागलं तरी लिही, पण जरा सावकाश लिही. माझ्यावरचा लोभ एवढं सगळं झाल्यावरही शिल्लक असेल अशी आशा.

तुझा,
मन्मथ


॥ श्री ॥

देगलूर
दि. ७ एप्रिल १९८६

चि. मन्मथास अनेक आशीर्वाद.

शनिवारी सकाळी सातला मशीन लागलं. त्या दिवशी वस्तीतलं कुणी कामावर गेलं नाही. मल्लम्मा मात्र मशीनकडे पाठ करून ओसरीत बसली होती. तिला भीती वाटत होती, बघितलं तर लागायचं नाही.

शंभर फुटांपर्यंत नुसती पांढरी धूळ. घरं, बाभळी, माणसं, सगळं पिठाच्या गिरणीतल्यासारखं झालं. दीडशे फूट झाले, धूळच. शेषेराव काका उभे होते ते खाली बसले. लालमहंमद गाडीला टेकून डोळे मिटून काही पुटपुटत होता. मीही मनात पंचाक्षरी म्हणत होते, आणि प्रत्येक पाइप खाली उतरला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. एकशे ऐंशीला धूळ बसली. चिखल यायला लागला. मशीनवाल्यानं हात वर केला, आम्हाला मागं सरायला सांगितलं, आणि मन्मथ, पाणी आलं.

देवळाच्या कळसापेक्षा उंच उडालं रे. मी पाणी खाली पडताना पाहिलंय, वाहताना पाहिलंय, जमिनीतून असं आभाळाकडे जाताना कधी पाहिलं नव्हतं. बायका धावल्या नाहीत. हातात घागरी घेऊन उभ्याच राहिल्या, तोंड वर करून, भिजत. माझे डोळे वाहत होते आणि ते कुणाला कळलं नाही, सगळ्यांचीच तोंडं ओली होती.

काकांना भान उरलं नाही. ते लहान लेकरासारखे हात नाचवत ओरडायला लागले, चालू! चालू झालं! तशी मल्लम्मा ओसरीतून उठून तुरुतुरु आली आणि तिनं चक्क त्यांच्या तोंडावर हात ठेवला. पहिल्याच पाण्याला पुरे म्हणतो हा माणूस! चालदु म्हण, चालदु, म्हणून दटावलं. चालदु म्हणजे पुरायचं नाही, आणखी हवं. तुझे अध्यक्ष सगळ्या गावादेखत भिजलेल्या धोतरात चालदु, चालदु म्हणत होते. पार्वतम्मांना सांगितलं तर त्या अजून हसतात.

शांतम्मानं घागर आणली होती, पण भरली नाही. आधी खाली बसली आणि तोंड धुतलं. सावकाश, कानामागं, मानेवर, कोपरापर्यंत. मग माझ्याकडे बघून हसली. तेवढं बघितलं आणि मला वाटलं, आता तुझा पंचा माफ झाला.

काकांनी तांब्या गूळ भरून दोन्ही हातांनी मल्लम्माला दिला. तिनं गूळ तिथंच सगळ्यांना वाटून टाकला. मग आलेल्या माणसांवरून बोट फिरवलं, आणि मला विचारलं, की तो कागद लिहिणारा कुठं आहे. मी मागं हात केला, अहमदपूरच्या दिशेनं. म्हटलं, मागं राहिला.

तिनं तांब्या घासला, पाणी निवळायची वाट पाहिली, काठोकाठ भरला, पळसाचं पान झाकलं आणि लालमहंमदच्या हातात ठेवला. हापसा बसवून झाला की तो तुझ्याकडे निघेल. सांडू देणार नाही अशी त्यानं शपथ घेतली आहे. तोंडाला लावशील तेव्हा ती समोर बसून विचारते आहे असं समज, चालु? आणि उत्तर तिला हवं आहे. आशीर्वाद.

तुझी,
अक्का

(पाकीट ह्यांनी लिहिलं आहे. मला हात लावू दिला नाही.)


अहमदपूर, जि. लातूर
दि. ११ एप्रिल १९८६

ती. सौ. अक्कास,
सा. शरणार्थ वि. वि.

आज तिन्ही एकदम पोचली: सोमवारचं तुझं पत्र, उस्मानाबाद बघून आलेलं जुनं मोठं पत्र, आणि लालमहंमदचा तांब्या. त्याच्या शर्टाची पुढची बाजू ओली आहे, पण तो म्हणतो तांब्या भरलेला हाय ना, मग झालं.

आधी मोठं पत्र वाचलं. ओंजळ तोंडाशी लावलेल्या माणसाला कसं सांगायचं, हे तिचं वाक्य वाचलं आणि बराच वेळ तांब्याला हात लावला नाही. आईनं घोट घेतला, उमानं घेतला, शेषेराव काका येऊन पुन्हा एक घोट घेऊन गेले. शेवटी मी प्यालो. थोडं मचूळ आहे. एक थेंब सांडला नाही, आणि तोंड मी कोरडंच ठेवलं.

तांब्या घासून ठेवलाय. रिकामा पाठवायचा नाही, म्हणून पाठवत नाही. परीक्षा संपल्या की सायकलवरून मीच घेऊन येईन. दाराला कुलूप लावू नकोस. लोभ आहे, तो हापशासारखा मारत राहावा लागतो हे आता कळलं.

तक्ता काढून बसलोय. तुंबरपल्लीपुढं खोडलेलं आहे, त्याच्या शेजारी आज पुन्हा लिहिलं, चालू. आणि मल्लम्माला सांग, मला चालु.

तुझा,
मन्मथ